बेल, पळस आणि त्र्यंबकराज: ‘तीन’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही शाळकरी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन फिरतो. कधी गोदाघाट, कधी पांडवलेणी, कधी ब्रह्मगिरीचा पायथा. झाडं बघायची, देवळं बघायची, असा बेत असतो. फेरी संपली की प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बरेच फिरून फिरून ‘तीन’ या आकड्यावर येतात. बेलाला तीनच पानं का, तीन पोळ्या वाढत का नाहीत, दत्ताला तीन तोंडं का, इथपासून ते ‘विज्ञानातही तीनच का’ इथपर्यंत. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धर्मात तीन या आकड्याला एवढं महत्त्व का?

उत्पत्ती, स्थिती, लय. काल, आज, उद्या. स्वर्ग, मृत्यू, पाताळ. सत्त्व, रज, तम. कुठलीही गोष्ट पूर्ण सांगायची तर सुरुवात, मधला भाग आणि शेवट सांगावा लागतो, आणि त्याला तीन पदं लागतात. दोन म्हटलं की समोरासमोर उभं राहणं आलं: दिवस-रात्र, सुख-दुःख. तिसरं आलं की त्या दोघांमधला संबंध दिसतो. दिवस आणि रात्र यांच्यामध्ये तिन्हीसांज असते आणि घरात दिवा लागतो तो त्याच वेळी.

पण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. आपल्या परंपरेत तीन हे बहुतेक वेळा सुटे तीन नसतातच. एकाच गोष्टीची ती तीन अंगं असतात. ओंकारात अ, उ, म या तीन मात्रा आहेत, पण उच्चार एक. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं जे रूप उभं केलंय, त्यात अकार हे पाय, उकार हे पोट आणि मकार हे मस्तक, आणि ही तिन्ही एकवटली की शब्दब्रह्म हाती येतं. ‘तिन्ही एकवटली’ हे लक्षात ठेवलं तर पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

२. त्र्यंबकेश्वरच्या पिंडीत खरंच तीन लिंगं आहेत का? आम्हाला तर काहीच दिसलं नाही.

आहेत. इतर ठिकाणी शाळुंकेतून वर आलेलं लिंग आपण बघतो, तसं इथे नाही. इथे मधोमध उखळासारखा खळगा आहे आणि त्याच्या तळाशी अंगठ्याएवढी तीन लहान लिंगं आहेत. ती ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची मानतात. गाभारा खोल, खळग्यात पाणी आणि त्यावर बेल-फुलं, त्यामुळे रांगेतून जाणाऱ्याला खळगासुद्धा धड दिसत नाही. निराश होऊ नका, बहुतेकांचं असंच होतं.

एक गंमत मात्र आवर्जून बघा. दर सोमवारी देवाची पालखी कुशावर्त तीर्थावर जाते, तेव्हा पालखीत जो मुखवटा असतो तो पंचमुखी असतो. आत तीन लिंगं, बाहेर पाच मुखं! यात विसंगती काही नाही. पाच मुखं ही शिवाची सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान ही रूपं. आकडा बदलला, देव तोच राहिला.

आत्ताचं काळ्या दगडातलं देऊळ पेशवाईतलं, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं. त्र्यंबक हे नाव मात्र फार जुनं. ते ऋग्वेदात येतं आणि त्याचा अर्थ तीन डोळ्यांचा देव असा लावतात. ज्याला आपण महामृत्युंजय मंत्र म्हणतो, त्याची सुरुवातच या नावाने होते.

३. गोदावरी त्र्यंबकला तीनदा उगम पावते असं म्हणतात. नदीला तीन उगम कसे?

उगम एकच, ब्रह्मगिरीवरचा. पण ती तिथे दिसते, लुप्त होते, मग डोंगराच्या मध्यावर गंगाद्वाराला पुन्हा दिसते, पुन्हा लुप्त होते आणि खाली गावात कुशावर्त तीर्थात प्रकट होते. कथा अशी की गौतम ऋषींनी कुश म्हणजे दर्भ पसरून तिला तिथे अडवलं, म्हणून ते कुशावर्त.

भूगोलाच्या अंगानेही हे नीट पटतं. ब्रह्मगिरी बेसॉल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. त्यांतला भेगाळलेला, सच्छिद्र थर पाणी मुरवून घेतो आणि घट्ट थर ते अडवतो. अडलेलं पाणी कड्याच्या पोटातून झिरपत बाहेर येतं. सह्याद्रीत अशी कितीतरी टाकी आणि झरे आहेत. पावसाळ्यानंतर गंगाद्वाराच्या पायऱ्या चढताना कडेच्या खडकाला हात लावून बघा, ओल हाताला लागते.

४. बेलाला तीनच पानं का असतात?

असतात तीन ‘पर्णिका’. पान एकच असतं. वनस्पतिशास्त्रात बेलाचं पान संयुक्त पान म्हणून ओळखलं जातं: एक देठ, त्यावर समोरासमोर दोन पर्णिका आणि टोकाला थोड्या लांब दांडीवर तिसरी. हे ओळखायची खूण सोपी आहे. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे बगलेत कोंब असतो आणि बेलाला तिथेच काटाही असतो. तिन्ही पर्णिकांच्या बुडाशी मात्र असा कोंब कधीच सापडत नाही. म्हणजे फांदीच्या हिशेबाने ते पान एक.

आता गंमत बघा. बेल वाहताना जो श्लोक म्हणतात त्यात त्रिदल, त्रिगुण, त्रिनेत्र असे सगळे ‘त्रि’ येतात आणि शेवटी म्हटलं जातं ‘एकबिल्वं शिवार्पणम्’. तीन दलं, पण बेल एक. भाविक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच पानाबद्दल एकच गोष्ट सांगतात, याचा आम्हाला दरवेळी नव्याने आनंद होतो.

वाहताना पान पालथं घालतात, म्हणजे गुळगुळीत बाजू पिंडीला टेकते. किडलेलं, फाटलेलं पान घेत नाहीत. बेल शिळा होत नाही असं मानतात, त्यामुळे धुऊन पुन्हा वाहता येतो. सोमवारी बेल तोडू नये असाही संकेत आहे, तो आदल्या दिवशी आणून ठेवतात. श्रावणात पानं हवीत म्हणून अख्खी फांदी ओरबाडलेली दिसते तेव्हा वाईट वाटतं. या संकेतांमध्ये झाडाची काळजी आहे, ती तरी पाळावी.

५. चार किंवा पाच दलांचा बेल मिळाला. तो खरा का? आणि वाहावा का?

खरा असू शकतो. बेलाच्या पानाला क्वचित पाच पर्णिका येतात. चारही दिसतात. वाढीतला तो फरक आहे, झाड तेच. भाविक अशा पानाला दुर्मीळ म्हणून मान देतात, तेव्हा वाहायला हरकत नाही.

सांभाळायचं आहे ते दुसरंच. तीन पर्णिका दिसल्या म्हणजे बेल, असं नाही. वायवर्णा या झाडालाही तीनच पर्णिका असतात आणि नवखा माणूस हमखास फसतो. पान चुरगाळून वास घ्या. बेल लिंबूवर्गीय कुळातला आहे, त्याला स्वतःचा सुगंध आहे. पान उजेडात धरलं तर त्यात तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. शिवाय बेलाच्या फांदीला सरळ, टणक काटे असतात, वायवर्णाला काटे नसतात.

६. दुर्वाही तीन पानांची का निवडतात? ती बेलासारखीच का?

नाही, इथे झाडाचा हिशेब अगदी वेगळा आहे. दूर्वा गवत आहे. गवताची पानं दांड्यावर दोन ओळींत, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, अशी येतात. आपण जी ‘त्रिदल दूर्वा’ खुडतो ती कोवळ्या कोंबाचं टोक असते: मधलं न उलगडलेलं पान आणि दोन्ही बाजूंची दोन. म्हणजे ही तीन वेगवेगळी पानं. गणपतीला तीन, पाच अशा विषम पात्यांच्या दूर्वा आणि एकवीसची जुडी वाहतात. फुटवा कोवळा असतानाच तीन पाती दिसतात. जून झालेली, फूल आलेली दूर्वा घेत नाहीत, ते यामुळेही सोयीचं.

७. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण झाडाच्या बाबतीत खरी आहे का?

अगदी खरी. कोकणात जा, खानदेशात जा, पळसाला पर्णिका तीनच. मधली मोठी आणि बाजूच्या दोन थोड्या वाकड्या. पत्रावळीला लावतात त्या याच पर्णिका. म्हणीचा अर्थ मात्र ‘कुठेही गेलात तरी परिस्थिती सारखीच’ असा आहे, त्यात पावित्र्य नाही की अपशकुन नाही. झाडं निरखणाऱ्या माणसांनी रोजच्या बघण्यातून ती काढलेली दिसते.

पळस शेंगवर्गीय आहे आणि त्या कुळात तिपानी पान फार. तूर, चवळी, घेवडा, सोयाबीन, पांगारा, जनावरांना घालतो तो लसूणघास. आणि रोजची मेथी! आज संध्याकाळी जुडी निवडायला बसलात की एक काडी हातात घेऊन बघा. तीन गोलसर पर्णिका, मधलीची दांडी जराशी लांब. बेलाचाच नमुना, कूळ मात्र वेगळं.

८. पण निसर्गात तीन इतक्या वेळा येतो, त्याला काही एकच कारण असेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. एकच कारण नाही. कारणं वेगवेगळी आहेत आणि ती वेगवेगळी आहेत यातच खरी मजा आहे.

पहिलं कारण टेकू. उभं राहायला कमीत कमी तीन आधार लागतात, आणि तीन आधार असले की जमीन कितीही खडबडीत असो, वस्तू डुगडुगत नाही. कारण कुठलेही तीन बिंदू एका सपाटीत बसतातच. चौथा आला की तो वर राहू शकतो. गोदाकाठी वारकरी तीन दगडांची चूल मांडतात, फोटोवाला तीन पायांचा स्टँड लावतो. मुंगीचं चालणं हळू करून बघितलं तर तेच दिसतं: सहापैकी तीन पाय जमिनीवर, एका बाजूचे दोन आणि दुसऱ्या बाजूचा एक. ते टेकलेले असताना उरलेले तीन पुढे जातात.

दुसरं कारण काटकसर. साबणाचे फुगे एकमेकांना चिकटले की पडदे नेहमी तीन-तीनच एका रेषेवर भेटतात आणि त्यांच्यातला कोन १२० अंशांचा होतो. कमीत कमी पृष्ठभागात भागवायचं तर हीच रचना टिकते. मधमाशीच्या पोळ्यातही प्रत्येक कोपऱ्यावर तीन भिंती भेटतात.

तिसरं कारण हिशेब. आपल्या पेशींतल्या डीएनएची लिपी चार अक्षरांची आणि प्रथिनं बनतात ती मुख्यतः वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून. दोन अक्षरांचे शब्द केले तर ४ × ४ = १६ होतात, कमी पडतात. तीन अक्षरांचे केले तर ६४. शब्द तीन अक्षरांचाच असतो हे फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवलं. त्या लिपीचा अर्थ लावण्याच्या कामासाठी १९६८ चं नोबेल मिळालेल्या तिघांमध्ये आपले हरगोविंद खुराना होते.

चौथं कारण वारसा. पूर्वजाकडून जे आलं ते वंशात पुढे चालत राहतं. त्याचं उत्तम उदाहरण नाशिकच्या शेतात आहे, ते प्रश्न १० मध्ये.

९. नारळाला तीन डोळे असतात ते शंकराच्या तीन डोळ्यांमुळे का?

भावना तशी आहे आणि ती सुंदर आहे. झाडाच्या बाजूने सांगायचं तर नारळाचं फळ तीन भाग जोडून बनलेल्या बीजकोशातून तयार होतं, त्या तिघांच्या खुणा म्हणजे हे तीन डोळे. त्यांतले दोन टणक असतात. एक मऊ असतो आणि कोंब येतो तो त्याच्यातूनच. घरी शेंडी सोलून टोकदार काडीने तिन्ही दाबून बघा, मऊ कुठला ते लगेच कळतं. फोडायच्या आधी मुलांना हे जरूर दाखवा.

केळंही असंच. सालीशिवायचं पिकलं केळं अंगठ्याने वरून हळूच दाबलं तर उभं तीन फाकांत उकलतं. एरंडाच्या बोंडात तीन कप्पे आणि तीन बिया. काकडीची चकती उजेडात धरा, तिथेही तीन.

१०. मग जास्वंदीला पाच पाकळ्या का? निसर्गाला तीन आवडतो ना?

निसर्गाला तीन ‘आवडतो’ असं म्हणणं चुकीचं ठरेल, ते या जास्वंदीमुळेच. फुलझाडांत एकदल आणि द्विदल असा जुना भेद आहे. एकदलांमध्ये फुलांचे भाग बहुधा तीनच्या पटीत येतात, द्विदलांमध्ये चार किंवा पाचच्या. जास्वंद द्विदल आहे. प्रश्न ८ मधला वारसा तो हाच.

नाशिकची दोन मोठी पिकं, एकदल कांदा आणि द्विदल द्राक्ष, शेजारी शेजारी ठेवली की हे लख्ख दिसतं. लासलगाव, चांदवडकडे बियाण्यासाठी कांदा लावतात. डोंगळ्यांवर पांढरे गोल गोंडे फुलले की त्यातलं एक बारीक फूल चिमटीत घ्या आणि शाळेतल्या भिंगाने बघा. बाहेर तीन पाकळ्या, आत तीन पाकळ्या. पुंकेसर सहा, तेही तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. मधला बीजकोश तीन कप्प्यांचा, प्रत्येकात दोन बीजं, म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा काळे दाणे. तीन, तीन आणि पुन्हा तीन. आता द्राक्षबागेत या. द्राक्षाच्या फुलाच्या पाच पाकळ्या टोकाला चिकटलेल्या असतात आणि फुलताना टोपीसारख्या एकदम गळून पडतात. पुंकेसर पाच. तिथे तीनचा पत्ताच नाही.

एवढंच काय, ज्या बेलाची पानं तीन दलांची, त्याच्या फुलाला पाकळ्या चार किंवा पाच असतात. पळसाच्या केशरी फुलालाही पाचच. एकाच झाडात पान एक आकडा पाळतं आणि फूल दुसरा.

११. तीन इतका शुभ, तर ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ का म्हणतात? ताटात तीन पोळ्या का वाढत नाहीत?

कारण तीन हा आकडा पितृकार्यातही आहे. श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांसाठी तीन पिंड मांडतात. जिवंत माणसाच्या ताटात तसं दिसू नये, म्हणून घरोघरी तीन पोळ्या एकदम वाढत नाहीत. दोन वाढतात, मग एक. तिघांनी एकत्र कामाला निघू नये हाही त्यातलाच समज. निघायचंच असेल तर खिशात सुपारी किंवा खडा ठेवून ‘चौथा’ करतात.

पण पंचांग तीनला वाईट मानत नाही. तिथींच्या नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा या गटांत तृतीया ‘जया’ आहे, म्हणजे जय देणारी. रिक्ता आहे ती चतुर्थी! अक्षय तृतीया तर मुहूर्त न बघता कार्य करायचा दिवस. तेव्हा तीन अशुभ आहे असं सरसकट म्हणता येत नाही. तो पितरांचा असताना एका जागी शोभतो, देवाचा असताना दुसऱ्या. आजीला पोळी तशी वाढलेली चालत नसेल तर तिचा मान ठेवावा. मुलाखतीला तिघं मित्र एका रिक्षातून गेले म्हणून मात्र कोणाची नोकरी जात नाही.

१२. दत्ताला तीन मुखं असतात. मग गोदाघाटावरचा दत्त एकमुखी कसा?

दोन्ही रूपं मान्य आहेत. अत्री-अनसूयेच्या कथेत ब्रह्मा, विष्णू, महेश बाळं होतात आणि त्यांचं एकवटलेलं रूप म्हणजे दत्त. त्याचं चित्र तीन मुखं आणि सहा हात असं रूढ झालं. एकमुखी मूर्तीही आहेत आणि महानुभाव पंथात दत्तात्रेय एकमुखीच मानतात. नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर या मोठ्या ठिकाणी तर पूजा पादुकांची होते, तिथे मुखांचा प्रश्नच येत नाही.

इथेही प्रश्न १ मधली गोष्ट आहे. तीन मुखं एका धडावर आहेत.

१३. तीन की साडेतीन? शक्तिपीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन. हे अर्धं कुठून आलं?

ओंकाराच्या अ, उ, म या तीन मात्रा आणि वरची अर्धमात्रा, अशा साडेतीन. उच्चार संपल्यावर जो नाद उरतो तो त्या अर्ध्याचा. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठं आणि आपली वणीची सप्तशृंगी हे अर्धं, अशी मांडणी आहे. वणीच्या भक्तांना ‘अर्धं’ ऐकून कधीकधी वाईट वाटतं. वाटू नये. ज्या मात्रेला अक्षर नाही, ती ओंकारात सर्वांत सूक्ष्म मानली जाते.

मुहूर्तांत गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा, अशी एक गणना रूढ आहे.

१४. देवळात प्रदक्षिणा तीनच घालायच्या ना?

देवावर अवलंबून आहे. रूढ संकेत असा: देवीला एक, गणपतीला तीन, विष्णूला चार, सूर्याला सात आणि शंकराला अर्धी. शिवमंदिरात अभिषेकाचं पाणी ज्या वाटेने बाहेर जातं ती ओलांडत नाहीत, तिथून परत फिरतात. त्यामुळे पिंडीत तीन लिंगं असली तरी त्र्यंबकेश्वरला प्रदक्षिणा अर्धीच.

डोंगराची फेरी वेगळी. तिच्याबद्दल पुढचा प्रश्न बघा.

१५. ब्रह्मगिरीची फेरी तिसऱ्या श्रावणी सोमवारीच करायची असते का?

तसं बंधन नाही. बाकीच्या श्रावणी सोमवारीही लोक फेरी करतात. तिसऱ्या सोमवारचं माहात्म्य परंपरेने मोठं मानलं गेलं आणि लाखोंची गर्दी त्या दिवशी लोटते. रविवारी संध्याकाळपासून माणसं कुशावर्तावर जमतात, स्नान करून रात्रीच निघतात. लहान फेरी साधारण वीस किलोमीटरची. बरेच जण अनवाणी चालतात. चिखल, पाऊस, निसरडे दगड. गुडघ्याचा त्रास असेल किंवा बरोबर लहान मूल असेल तर पहिला किंवा चौथा सोमवार निवडा, पुण्य कमी होत नाही.

१६. त्रिपिंडी श्राद्ध म्हणजे तीन पिढ्यांचं श्राद्ध का?

बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. तीन पिढ्यांसाठी असतं ते नेहमीचं वार्षिक श्राद्ध (प्रश्न ११). त्रिपिंडीत ब्रह्मा, विष्णू, रुद्र या तीन देवतांना उद्देशून पिंड असतात. ज्यांचं श्राद्ध बरीच वर्षं राहून गेलंय किंवा जे अतृप्त राहिले असं मानतात, त्यांच्यासाठी हा विधी करतात. नारायण-नागबली हा त्र्यंबकचा आणखी वेगळा विधी, तो तीन दिवस चालतो. गुरुजींना आधी नीट विचारून, आपल्याला नेमकं काय करायचंय ते समजून मगच ठरवा.

१७. सिंहस्थात तीन शाही स्नानं का? आणि ‘तीन अनी’ म्हणजे काय?

सिंहस्थाचा योगच तिघांचा आहे: गुरू, सूर्य आणि चंद्र हे तिघं सिंह राशीत येतात ती अमावास्या मुख्य पर्वणी. तिच्या मागेपुढे बाकीची स्नानं ठरतात. २०१५ मध्ये नाशिकला २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर अशी तीन स्नानं झाली. त्र्यंबकला पहिल्या दोन तारखा त्याच होत्या, तिसरं मात्र २५ सप्टेंबरला.

नाशिकला रामकुंडावर वैष्णव साधू स्नान करतात, त्र्यंबकला कुशावर्तावर शैव आखाडे. वैष्णवांच्या तीन अनी म्हणजे निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर. अनी म्हणजे सैन्याची तुकडी.

१८. पांडवलेणीच्या डोंगराला त्रिरश्मी का म्हणतात? तिथेही ब्रह्मा-विष्णू-महेश आहेत का?

नाहीत. ही बौद्ध लेणी आहेत, चोवीस, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळापासूनची, आणि पांडवांशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता. तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं येतं, त्याचं संस्कृत रूप त्रिरश्मी, म्हणजे तीन किरणांचा.

तीनची सर्वांत भारदस्त खूण मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, आणि हा क्रमांक आधुनिक अभ्यासकांनी दिलेला, त्यामुळे तो योगायोग समजा. तिथे गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरून घेतली. नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षातला हा लेख. त्यात गौतमीपुत्राला म्हटलंय की त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. मुलगा गेल्यानंतर आईने दगडात लिहून ठेवलेलं हे वाक्य. तिथे उभं राहून मुलांना ते समजावून सांगताना आमचा आवाज दरवेळी जरा बदलतो.

बौद्ध परंपरेचे तीन म्हणजे बुद्ध, धम्म, संघ ही त्रिरत्नं. त्रिशरण म्हणताना प्रत्येक वचन दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उच्चारलं जातं.

१९. इतर धर्मांतही तीन आहे का?

भरपूर. जैनांचं रत्नत्रय: सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान, सम्यक चारित्र्य. नाशिकजवळचं गजपंथ आणि बागलाणातलं मांगीतुंगी इथे जाणाऱ्यांना ते पाठ असतं. पारशी बांधव कुस्तीचे, म्हणजे पवित्र दोऱ्याचे, कमरेला तीन वेढे घेतात आणि सद्विचार, सद्वचन, सत्कर्म ही त्यांची त्रयी आहे. मुस्लिमांमध्ये वजू करताना चेहरा आणि हात तीन-तीनदा धुण्याची रीत आहे. शिखांमध्ये नाम जपणं, कष्टाने कमावणं आणि वाटून खाणं.

ख्रिस्ती धर्मात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरीही देव एकच. आयर्लंडमध्ये आख्यायिका आहे की संत पॅट्रिक यांनी हे समजावताना शॅमरॉकचं तिपानी पान पुढे केलं. एक पान, तीन दलं. बेलाचा श्लोक ठाऊक असलेल्या माणसाला (प्रश्न ४) ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण आपली त्रिमूर्ती आणि ख्रिस्ती त्रैक्य एकच, असं मात्र म्हणू नका. त्रिमूर्तीत उत्पत्ती-स्थिती-लय अशी कामं वाटलेली आहेत, ख्रिस्ती विचारात तशी वाटणी नाही.

२०. येशूच्या जन्माला तीन राजे आले होते ना?

बायबलमध्ये आकडा नाही, आणि ‘राजे’ असंही नाही. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले आणि त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केला, एवढंच आहे. भेटी तीन, म्हणून माणसं तीन असं पुढे रूढ झालं.

२१. मग विज्ञानाने तीनचं पावित्र्य सिद्ध झालं असं लिहू का? शाळेच्या प्रकल्पासाठी हवंय.

लिहू नका. प्रश्न ८ मधली कारणं एकमेकांपासून वेगळी आहेत आणि प्रत्येकाला अपवाद आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, पण बऱ्याच पक्ष्यांना चार आणि कुत्र्याला दोन. पदार्थाच्या अवस्था तीन शिकवतात, पण सूर्य प्लाझ्माचा आहे आणि ती चौथी. आपल्याकडे ऋतू बोलताना तीन, पंचांगात सहा. ‘नाशिक नऊ टेकांवर वसलं, नऊ म्हणजे तीन त्रिक’ असंही एका पालकांनी लिहून पाठवलं होतं. अशी ओढाताण करू लागलो तर कुठलाही आकडा कुठेही सापडेल.

प्रकल्पाला दोन रकाने करा. एकात परंपरा बेलाबद्दल काय सांगते, दुसऱ्यात झाड काय सांगतं. खाली बेल, वायवर्णा, पळस आणि मेथी यांचं एकेक पान वहीत वाळवून चिकटवा, आणि प्रत्येकाच्या देठाशी कोंब कुठे आहे ते बाणाने दाखवा. बेलाची फांदी न तोडता, खाली गळलेलं पान घ्या.